साखरेच्या पाण्याने मुंग्या घालवायच्या तर प्रमाण आधी पाहा

प्रश्न: कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून ओट्यामागच्या टाइल्सच्या सांध्यातून बारीक मुंग्यांची रांग लागते. हळद टाकली, खडू ओढला, स्प्रे मारला. दोन-चार दिवस बरं जातं, मग पुन्हा तेच. आता तर बाथरूममध्येही निघायला लागल्या आहेत. पिठीसाखरेत खाण्याचा सोडा मिसळून ठेवला की कायमच्या जातात असं सगळेच सांगतात. खरं आहे का?

उत्तर:

साखर बरोबर आहे, सोडा नाही. आणि कोरडं मिश्रण तर अजिबातच नाही.

आधी मुंगी खाते कशी ते बघा, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. रांगेत दिसते ती कामकरी मुंगी. तिची कंबर इतकी बारीक असते की घन पदार्थ पोटात जातच नाही. तोंडातच एक गाळणीसारखी जागा असते, तिथे कण अडतात आणि फक्त द्रव आत जातो. साखरेचा दाणा ती उचलून वारुळात नेते, पण स्वतः गिळत नाही. घन अन्न अळ्यांना भरवलं जातं, त्या ते पचवतात. म्हणून पिठीसाखर आणि सोड्याची पूड एकत्र करून ठेवली की साखरेचे कण उचलले जातात आणि पांढरी पूड बरीचशी तिथेच राहते. सोड्याने पोटात गॅस होऊन मुंगी फुटते, ही कल्पना ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात पुरेसा सोडा पोटात गेला तर पुढची गोष्ट! पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे मिश्रण दुसऱ्या दिवशी गोळा होऊन बसतं, तो प्रश्न वेगळाच.

आता द्रवाचं पाहा. साखरेचं पाणी मुंगी पोटातल्या एका वेगळ्या पिशवीत भरून घेते आणि वारुळात गेल्यावर तोंडाला तोंड लावून दुसऱ्यांना देते. अशी ती साखर राणीपर्यंत आणि अळ्यांपर्यंत पोचते. तुम्हाला ओट्यावर दिसतात त्या एकूण वसाहतीतल्या थोड्याच. त्या मारून काही होत नाही, कारण राणी आत बसून नव्या तयार करत असते. म्हणजे साखर हे वाहन आहे. त्यात बसवायचा प्रवासी हळू मारणारा हवा, नाहीतर तो वाटेतच उतरतो.

तो प्रवासी म्हणजे बोरिक पावडर. औषधांच्या दुकानात मिळते. पोटात गेल्यावरच काम करते, तेही काही दिवस घेऊन. स्प्रे आणि खडू यांचं नेमकं उलट आहे: अंगाला लागलं की लगेच. ओट्यावर मेलेल्या मुंग्या बघून बरं वाटतं, पण वारुळाला धक्का लागत नाही. शिवाय घरात येणाऱ्या काही बारीक जातींमध्ये एका वसाहतीत अनेक राण्या असतात. स्प्रेचा त्रास झाला की अशा वसाहतीचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकडा एकेक राणी घेऊन वेगळी जागा धरतो. तुमच्याकडे बाथरूममध्ये नवी रांग निघाली ती बहुधा यामुळेच. पिवळट, जेमतेम दोन मिलिमीटरची मुंगी असेल तर जवळजवळ नक्की.

मिश्रण असं करायचं.

अर्धा लिटर कोमट पाणी, ५० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम बोरिक पावडर. म्हणजे साखर १० टक्के, बोरिक १ टक्का. काचेच्या जुन्या बरणीत पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. अर्धा लिटर तुम्हाला लागणार नाही, पण प्रमाण नीट यायचं तर एवढं करावं लागतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ ग्रॅम धड कळत नाही, ५ ग्रॅम कळतो. अर्धा ग्रॅमसुद्धा दाखवणारा छोटा काटा घरात असेल तर १०० मिली पाणी, १० ग्रॅम साखर, १ ग्रॅम बोरिक एवढंच करा. चमच्याने मोजू नका. बारीक दळलेली पावडर आणि जाडसर पावडर यांचं एका चमच्याचं वजन सारखं भरत नाही.

सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते इथेच. ‘थोडी जास्त टाकली तर लवकर मरतील’ म्हणून दोन-तीन चमचे घातले जातात. मग दोनपैकी एक होतं. मुंग्या येतात, चाखतात आणि निघून जातात. किंवा पितात आणि मिश्रणाच्या आसपासच मरतात. आमिषाभोवती मेलेल्यांचा सडा पडला तर खूश होऊ नका, मिश्रण जहाल झालंय. तेवढंच साखरेचं पाणी आणखी घालून पातळ करा. १ टक्क्याच्या वर जायचं नाही, अर्धा टक्काही चालतो, फक्त काही दिवस जास्त लागतात.

पावडर खरी आहे का तेही याच वेळी कळतं. बोरिक पावडर साध्या पाण्यातसुद्धा १०० मिलीला चार-पाच ग्रॅमपर्यंत विरघळते, तेव्हा १ टक्का कोमट पाण्यात काचेसारखा स्वच्छ व्हायला हवा. पाणी दुधाळ राहिलं किंवा तळाला खडूसारखा थर बसला तर तुम्ही आणलंय ते बोरिक नाही. कॅरमची पावडर वापरणाऱ्यांची इथे फसगत होते. ती पूर्वी सर्रास बोरिकची असे, आता टाल्कची किंवा स्टार्चचीही मिळते. डब्यावर ‘बोरिक’ लिहिलं नसेल तर ती कॅरम खेळायलाच ठेवा.

बोरिक मिळत नसेल तर टाकणखार चालतो. रविवार पेठेत, मंडईच्या बाजूला काष्ठौषधींच्या दुकानात विचारा. सोनारकामालाही हाच लागतो. मात्र टाकणखारात बोरॉन कमी असतं, म्हणून वजन दीडपट घ्यायचं: अर्ध्या लिटरला साडेसात ग्रॅम. आणि साधा, न भाजलेला घ्या. भाजून फुलवलेल्या लाहीतलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे हा हिशेब तिला लागू होत नाही.

मिश्रण ठेवण्याआधी एक संध्याकाळ चाचणीत घालवा. सगळ्याच मुंग्यांना सगळ्याच वेळी गोड हवं असतं असं नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या एका टोकाला साखरेच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या टोकाला चिमूटभर शेंगदाण्याचं कूट किंवा तुपाचा ठिपका ठेवा. वाटेपासून बोटभर अंतरावर ठेवून अर्ध्या तासाने बघा. गोडावर गर्दी असेल तर वरचं मिश्रण. कुटावर असेल तर त्या वेळी वसाहतीत अळ्या वाढत असतात आणि प्रथिनं, स्निग्ध हवं असतं. अशा वेळी कूट अगदी गंधासारखं बारीक वाटायचं, १०० ग्रॅम कुटात १ ग्रॅम बोरिक मळायचं आणि वाटाण्याएवढा लपका ठेवायचा. चावऱ्या लाल मुंग्या बहुतेक वेळा याच बाजूला वळतात. दोन आठवड्यांनी पसंती बदलू शकते. सुरुवातीला धावून येणाऱ्या मुंग्या अचानक साखरेकडे पाठ फिरवतात तेव्हा पुन्हा चाचणी करा, वारूळ संपलं असं समजू नका.

आता ठेवायचं कसं. पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या, त्यात कापसाचा छोटा बोळा बसवा आणि साधारण ५ मिली मिश्रण ओता. कापूस नसला की मुंग्या बुडतात, आणि बुडालेली मुंगी वारुळात काहीच नेत नाही. झाकण रांगेच्या अगदी वर नको. दोन-तीन सेंटिमीटर बाजूला ठेवा, नाहीतर ती वाट सोडून दुसरी शोधतात. जितक्या रांगा तितकी झाकणं, बाथरूममधली धरून. रात्री जेवणं झाली, ओटा पुसला, डबे बंद झाले की ठेवा. ओट्यावर गुळाचा खडा, साखरेच्या डब्याची चिकट कड, सिंकमध्ये खिरीची वाटी असं काही असेल तर तुमच्या आमिषाला कोण विचारतंय? गणपतीत आणि दिवाळीत हा उपाय फसतो तो याच कारणाने. नैवेद्य आणि फराळाच्या डब्यांशी स्पर्धा करता येत नाही. डबे पाणी घातलेल्या परातीत ठेवायची जुनी पद्धत त्या दिवसांत जास्त उपयोगी.

ओट्यावर स्प्रे मारलेला किंवा खडू ओढलेला असेल तर आधी ती जागा साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा पुसा आणि दोन दिवस थांबा. त्या औषधाचा अंश राहिला की मुंगी झाकणापर्यंत येतच नाही. हळद, कापूर, दालचिनी, व्हिनेगर यांनी त्या काही काळ दूर राहतात, व्हिनेगरच्या पाण्याने पुसलं तर वासाची वाटही मोडते. पण आमिष लावलंय तोवर ती वाट तुम्हाला हवी आहे. हे सगळं नंतरसाठी ठेवा.

पहिल्या रात्री मुंग्या वाढतील. बऱ्याच वाढतील. झाकणाभोवती काळं किंवा पिवळं कडं दिसेल आणि घरातलं कोणीतरी फडकं घेऊन येईल. त्याला थांबवणं हा या उपायातला सगळ्यात अवघड भाग. त्या मुंग्या पिऊन वारुळात जाणार आहेत. पुसल्यात तर एवढी खटपट वाया. दोन-तीन दिवसांत रांग विरळ दिसू लागते, आठवड्यात बरीच कमी होते. त्यानंतरही झाकणं तीन आठवडे ठेवा. कोशातून नव्या कामकरी मुंग्या बाहेर येत राहतात आणि त्यांनाही ते पाणी मिळायला हवं. सातव्या दिवशी रांग दिसत नाही म्हणून आमिष उचललं की महिन्याभरात पुन्हा हाच प्रश्न घेऊन बसाल.

पावसाळ्यात दर दोन दिवसांनी बोळा बदला. बुरशी, मेलेल्या मुंग्या, ओट्यावरचं पीठ, सगळं त्यात जमतं, आणि आंबूस वास आलेलं पाणी मुंग्या टाळतात. गूळ वापरणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो, गुळाचं पाणी साखरेच्या पाण्यापेक्षा आधी आंबतं. उन्हाळ्यात अडचण वेगळी. एप्रिल-मेच्या पुण्याच्या कोरड्या हवेत झाकणातलं पाणी बघता बघता उडतं, बोरिक मात्र मागे राहतं. ५ मिलीचं अडीच मिली झालं की १ टक्क्याचे २ टक्के झाले आणि मुंग्यांनी पाठ फिरवली. तेव्हा उन्हाळ्यात अर्ध्या टक्क्याने सुरुवात करा, म्हणजे अर्ध्या लिटरला अडीच ग्रॅम, आणि रोज झाकण धुऊन नव्याने भरा. वरून मिश्रणच ओतत राहू नका, त्याने ते आणखी दाट होतं.

पहिले दोन दिवस मुंग्या एकदाही फिरकल्या नाहीत तर बाल्कनीत जा. जास्वंद, मोगरा किंवा तुळशीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात का बघा. तो पिठ्या ढेकूण. तो आणि मावा दोघेही गोड चिकट द्रव सोडतात आणि मुंग्या त्यावर पोसतात, वर त्या किडीची राखणही करतात. हे दुकान चोवीस तास उघडं असताना त्या तुमच्या झाकणाकडे येणार नाहीत. शेंडे छाटा, एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रवरूप साबण फेटून पानांच्या खालून फवारा, आठवड्याने पुन्हा. बाल्कनीत किंवा बागेत आमिष उघडं ठेवू नका, साखरेच्या पाण्यावर मधमाश्याही येतात. औषधाच्या रिकाम्या डबीच्या बुडाजवळ जाड सुईने दीड-दोन मिलिमीटरची भोकं पाडा, आत ओला कापूस भरा आणि झाकण घट्ट लावा. मुंगी आत जाते, माशी जात नाही.

घर कसलं आहे यावरही थोडं अवलंबून आहे. नव्या इमारतींत वसाहत बहुधा डक्टमध्ये, टाइल्सखालच्या पोकळीत किंवा खिडकीच्या चौकटीमागे असते आणि तिला वाट एकच सांध्याची. तिथे एक-दोन झाकणं पुरतात. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत दगडमातीची भिंत आणि लाकूड असल्याने एकाच भिंतीत दोन-तीन वसाहती असू शकतात. तिथे भिंतीच्या दोन्ही अंगांना आमिष लागतं आणि शेजाऱ्यांनीही त्याच आठवड्यात ठेवलेलं बरं. स्विचबोर्डातून मुंग्या निघत असतील तर द्रव तिथे नेऊ नका. झाकण खाली, जमिनीजवळच्या वाटेवर ठेवा, बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून साफ करून घ्या.

रांग पूर्ण थांबून आठवडा गेला आणि झाकणं उचलून झाली की मग पुसापुशी. साबणाचं पाणी, वर व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं. सांध्यातली पोकळी खरवडून ग्राउट किंवा व्हाइट सिमेंट भरा, नळाच्या पाइपाभोवतीची फट सिलिकॉनने बंद करा. हे आधी केलं तर मुंग्या दुसरीकडून निघतात. आमिष चालू असताना भोक बुजवणं म्हणजे आपलाच रस्ता आपण बंद करणं.

सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील तर त्यांना सांगून ठेवा: या तीन आठवड्यांत स्वयंपाकघरात फवारा नको, हवं तर जेल लावा.

झुरळांचं विचाराल म्हणून तेवढ्यापुरतं. झुरळ चावून खातं, त्यामुळे तिथे पावडर चालते आणि प्रमाण एकदम वेगळं: बोरिक आणि कणीक समसमान, त्यात थोडी पिठीसाखर, किसलेला कांदा आणि गोळा बांधण्यापुरतं दूध. हरभऱ्याएवढ्या गोळ्या ट्रॉलीच्या मागे, फ्रिजच्या मोटरजवळ, सिंकखाली. सुकून टणक झाल्या की बदला. मुंग्यांच्या मिश्रणाची ताकद झुरळाला पुरत नाही आणि झुरळाच्या गोळीची मुंगीला झेपत नाही, म्हणून एकाच भांड्यात दोन्ही कामं करू नका.

पंख असलेल्या मुंग्या पहिल्या पावसात दिव्याभोवती आल्या तर नीट बघा. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील तर मुंगी. कंबर नाहीच, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या, चारही पंख सारखे असतील तर ती वाळवी, आणि तिच्यावर यातलं काहीही चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोरिक घरगुती वाटतं म्हणून निरुपद्रवी नाही. लहान मुलांना ते विशेषतः बाधतं. १ टक्क्याच्या ५ मिली झाकणात ५० मिलिग्रॅम बोरिक असतं. बरणीत मात्र सगळंच आहे आणि ती दिसायला हुबेहूब पाण्यासारखी किंवा सरबतासारखी दिसते. फ्रिजमध्ये ठेवू नका. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीच भरू नका. बरणीवर ठळक अक्षरांत ‘विष, मुंग्यांचं’ असं मराठीत लिहा, म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींनाही वाचता येईल, आणि कुलपाच्या कपाटात ठेवा. रांगणारं मूल किंवा कुत्रं-मांजर घरात असेल तर उघडी झाकणं वापरू नका, ती भोकांची बंद डबी सिंकच्या मागे चिकटपट्टीने घट्ट बसवा. झुरळाच्या गोळ्या तर अशा घरात नकोतच, त्या लाडवासारख्या दिसतात. मिश्रणाचा चमचा पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. कोणी प्यायलं तर घरी उलटी काढायला लावू नका. किती प्यायलं याचा अंदाज आणि पावडरचं पाकीट घेऊन ससून किंवा जवळचं रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

उरलेलं मिश्रण कुंड्यांत ओतू नका. बोरॉन झाडाला अगदी थोडं लागतं आणि जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. मोरीत ओता आणि वरून बादलीभर पाणी सोडा.